गाडी थरथरतेय? क्लच उतरवण्याआधी हे करून बघा

मागच्या दिवाळीनंतर माझी गाडी सिग्नलला उभी राहिली की थरथरायला लागली. नाशिकच्या मुंबई नाक्याला न्यूट्रलवर थांबलं की आतल्या आरशात मागची रिक्षा दुहेरी दिसायची. गाडी सेकंडहँड घेतलेली, चार सिलिंडरची पेट्रोल, सीएनजी किट बसवलेली, गिअर मॅन्युअल. रोज मखमलाबादहून सिन्नरच्या एमआयडीसीत जायचं म्हणजे रोज मोहदरी घाट. दुखणं अंगावर काढण्यासारखं नव्हतं.

पुढच्या तीन महिन्यांत मी प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ करून घेतली, चाकांचं बॅलन्सिंग केलं आणि शेवटी एका गॅरेजच्या सांगण्यावरून अख्खा क्लच सेट बदलला. क्लच बदलल्यावर थरथर वाढली. खरा दोष होता गिअरबॉक्सच्या बाजूच्या फाउंडेशन रबरात, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स बॉडीला धरून हादरे जिरवणाऱ्या रबरात, आणि तो शोधायला एका वयस्कर फिटरना वीस मिनिटं पुरली. बॉनेट उघडण्याआधी त्यांनी एवढंच विचारलं, "ताई, नेमकी कधी थरथरते? उभी असताना, उचलताना, की पळताना?" मला धड सांगता आलं नाही.

गॅरेजमध्ये पाऊल ठेवण्याआधी तुम्हाला ते सांगता यावं, म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे. यातलं बहुतेक काम घराच्या पार्किंगमध्ये होतं, पाना न उचलता.

१. आधी ठरवा, गाडी चालवायची की नाही

या गोष्टी दिसल्या तर तपासणी वगैरे नंतर, गाडी आहे तिथेच थांबवा:

- इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकतोय. म्हणजे एखादा सिलिंडर पेटत नाही आणि न जळलेलं इंधन सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातंय. कन्व्हर्टर तापून निकामी होतो आणि तो फार महागडा भाग आहे.
- ऑइलचा लाल दिवा लागला, किंवा तापमानाचा काटा वर चढला.
- टायरला फुगा आलाय.
- पंक्चर काढून किंवा चाक बदलून आल्यापासून गाडी हलायला लागली. चाकाचे नट सैल राहिलेले असू शकतात. पाना घेऊन चारही चाकांचे नट-बोल्ट आत्ताच आवळा.

२. हाताशी काय हवं

एक छोटी वही आणि पेन. टॉर्च. हवा मोजायचं मीटर. चाकाला लावायला दोन विटा. मदतीला एक माणूस, तुम्ही क्लच सोडताना इंजिनाकडे बघायला. ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारं यंत्र, मिळाला तर उत्तम, ओळखीत कुणाकडे तरी असतोच. फोनमध्ये फायफॉक्स नावाचं फुकट अॅप टाकून घ्या. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठाने ते शाळा-कॉलेजच्या प्रयोगांसाठी बनवलंय, पण इंजिनाचे हादरे मोजायला फार छान चालतं.

कागदांमध्ये गाडीचं ओनर्स मॅन्युअल, सर्व्हिसची जुनी बिलं आणि वॉरंटी चालू असेल तर तिचे कागद. वॉरंटीतल्या गाडीचं काहीही स्वतः उघडू नका. नुसत्या नोंदी काढा आणि गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या.

३. हा खरंच दोष आहे का?

तीन सिलिंडरची गाडी आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, चार सिलिंडरच्या गाडीपेक्षा जास्त हलते. ती तिची घडणच आहे. तुमच्याच मॉडेलची दुसरी गाडी सोसायटीत असेल तर दोन मिनिटं तिच्यात बसून या. याहून सोपी तपासणी नाही, आणि नेमकी हीच कुणी करत नाही.

नव्याने शिकलेल्यांची दुसरी गोष्ट म्हणजे वरच्या गिअरमध्ये रेंगाळणं. चौथ्या-पाचव्यात गाडी चाळीसच्या खाली आली, समोर उड्डाणपुलाचा चढ आला, आणि गिअर न उतरवता अॅक्सिलरेटर दाबला की इंजिन कण्हतं आणि सगळी गाडी गदगदते. एक गिअर खाली टाकल्यावर ते थांबलं तर गाडीत दोष नाही. सवय मात्र बदला, कारण रोज असं कण्हवलं की फाउंडेशन रबर आणि क्लच दोन्ही लवकर जातात.

४. वहीत तीन रकाने आखा

उभी असताना, उचलताना, पळताना. आठवडाभर जेव्हा जेव्हा थरथर जाणवेल, तेव्हा गाडी थांबल्यावर त्या त्या रकान्यात लिहा. सोबत आरपीएम, वेग, गिअर, एसी चालू की बंद, इंजिन थंड की गरम, गॅसवर की पेट्रोलवर. आणि हादरा कुठे जाणवला: स्टिअरिंगला, सीटखाली, गिअरच्या दांड्याला, की ब्रेकच्या पेडलला.

कंटाळवाणं वाटेल. पण मी जे तीन महिने आणि जे पैसे घालवले, ते ही वही नसल्यामुळे. प्रत्येक गॅरेजमध्ये मी "व्हायब्रेशन मारतेय" एवढंच सांगत होते, आणि प्रत्येकाने आपल्याला जे काम येतं ते करून दिलं.

५. उभ्या गाडीचे हादरे मोजा

गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करा, सपाट जागी न्यूट्रलमध्ये उभी करा, हँडब्रेक ओढा, एसी आणि पंखा बंद. गरम इंजिनाचं आयडलिंग साधारण ७०० ते ९०० आरपीएमच्या दरम्यान असतं.

आता डोळे मिटून बसा आणि हादरा कसा आहे ते अंगाने ओळखा. थोडं गणित मांडते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याच्या, एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. ८०० आरपीएमला मिनिटाला १,६००, म्हणजे सेकंदाला जवळपास २७. इतके जलद हादरे बोटांनी मोजता येत नाहीत, ते मुंग्या आल्यासारखे किंवा मिक्सरवर हात ठेवल्यासारखे लागतात. तीन सिलिंडरमध्ये तोच आकडा २० च्या आसपास येतो.

एक सिलिंडर पेटत नसेल तर दर दोन फेऱ्यांत एक ठोका चुकतो. ८०० आरपीएमला सेकंदाला साडेसहा-सात वेळा. हा हादरा मंद आणि मोठा असतो, गाडी डुलल्यासारखी वाटते, सायलेन्सरमधून फट-फट असा तुटक आवाज येतो.

म्हणजे बारीक, जलद, सारखी थरथर असेल तर इंजिन बहुधा ठीक पेटतंय, पण त्याचे नेहमीचे हादरे बॉडीपर्यंत पोचू लागलेत. संशय फाउंडेशनवर, किंवा बॉडीला टेकलेल्या एखाद्या भागावर. मंद, डुलकी घेतल्यासारखा झटका असेल तर संशय मिसिंगवर, म्हणजे एखादा सिलिंडर न पेटण्यावर. बारीक थरथर थोडी रेस दिल्यावर, हजार-बाराशेला, एकदम विरली तर फाउंडेशनवरचा संशय आणखी पक्का.

फायफॉक्समध्ये प्रवेगाचा स्पेक्ट्रम, म्हणजे सेकंदाला किती वेळा येणारा हादरा किती मोठा आहे ते, दाखवणारा भाग आहे. फोन डॅशबोर्डवर सपाट ठेवा, हात लावू नका, अर्धा मिनिट मोजू द्या. आलेखात शिखर २७ जवळ आहे की ६-७ जवळ, ते सरळ दिसतं. माझ्या गाडीचं शिखर २७ ला होतं आणि ६-७ ला काहीच नव्हतं. हे मी पहिल्या आठवड्यात केलं असतं तर प्लगचा आणि थ्रॉटलचा खर्च वाचला असता.

मग एसी लावा. कॉम्प्रेसरचा भार आल्यावर क्षणभर इंजिन दबणं आणि लगेच सावरणं साहजिक आहे. सावरतच नसेल, किंवा थरथर फक्त एसीवरच येत असेल, तर तसं लिहून ठेवा.

६. क्लच पेडलची चाचणी

मॅन्युअल गाडीची ही मोठी सोय आहे. एका पायाने इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करता येतात.

गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. क्लचवरून पाय काढा, दहा सेकंद ऐका. मग क्लच पूर्ण दाबा, पुन्हा दहा सेकंद.

- दाबल्यावर आवाज किंवा थरथर थांबली तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग, क्लच प्लेटमधल्या स्प्रिंगा किंवा, बऱ्याच डिझेल गाड्यांत, ड्युअल मास फ्लायव्हील बघायला लागेल.
- दाबल्यावरच घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग किंवा प्रेशर प्लेट.
- काहीच फरक पडला नाही तर क्लच उतरवायची घाई अजिबात करू नका.

माझ्या गाडीत काहीच फरक पडत नव्हता. तरी मी क्लच बदलला, कारण गाडी पहिल्या गिअरमध्ये उचलताना गदगदायची आणि "उचलताना गदगदते म्हणजे क्लच" असं मला ठामपणे सांगितलं गेलं. क्लचमुळे असं होतं, यात शंका नाही: प्लेट चकचकीत झाली, फ्लायव्हील तापून डागाळलं किंवा इंजिनाच्या मागच्या सीलमधून ऑइल झिरपून प्लेटवर आलं की गाडी उचलताना झटके खाते. पण फाउंडेशन फाटलं की नेमकं तेच होतं. हाफ क्लचला इंजिनावर पीळ बसतो, फाटलेलं रबर तो पेलू शकत नाही, इंजिन पुढे-मागे झुलतं आणि ते झुलणं क्लच पकडतो-सोडतो. गाडीत बसून दोन्हीतला फरक कळत नाही. तो बॉनेट उघडल्यावर दिसतो.

७. फाउंडेशन डोळ्यांनी बघा

पुढची चाकं ओढणाऱ्या लहान गाड्यांमध्ये बहुतेक वेळा तीन ठिकाणी इंजिन धरलेलं असतं: एका बाजूला इंजिनाचं माउंटिंग, दुसऱ्या बाजूला बॅटरीच्या खाली कुठेतरी गिअरबॉक्सचं, आणि खालून पीळ अडवणारा टॉर्क रॉड. गॅरेजमध्ये तिन्हींना सरसकट फाउंडेशन म्हणतात.

आधी इंजिन बंद आणि थंड असताना टॉर्च मारा. रबराला चिरा, रबर लोखंडापासून सुटलेलं, एका बाजूला बसलेलं इंजिन, द्रव भरलेल्या माउंटिंगमधून ओघळलेला काळा डाग, यातलं काही दिसतं का?

मग हलवून बघायची चाचणी. ही नीट वाचून मगच करा. गाडी सपाट जागी, चाकांना पुढून-मागून विटा, हँडब्रेक पूर्ण ओढलेला, उजवा पाय ब्रेकवर दाबून. गाडीच्या पुढे आणि मागे कुणीही उभं राहायचं नाही, भिंतसुद्धा जवळ नको. मदतीचा माणूस बाजूला उभा राहील. ओढणी, मोकळे केस, सैल बाही बेल्ट आणि पंख्यापासून लांब. पहिला गिअर टाका, क्लच सावकाश सोडत हाफ क्लचला या, इंजिन दबल्याचं जाणवताच पुन्हा पूर्ण दाबा. दोन सेकंदांचं काम. तेच रिव्हर्समध्ये करा, म्हणजे पीळ उलटा बसेल.

इंजिन थोडं कलतं, त्यात काही नाही. ते उसळून ठक्क आवाज करत असेल, किंवा एकाच दिशेला जास्त जात असेल तर फाउंडेशन गेलं. मदतनिसाला फोनवर स्लो मोशन व्हिडिओ काढायला सांगा, गॅरेजमध्ये दाखवायला फार उपयोगी पडतो.

माझ्या गाडीत वरून काही दिसतच नव्हतं. त्या फिटरनी बॅटरी आणि तिचा ट्रे काढला, टॉर्च माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "इथे बघा." गिअरबॉक्सच्या माउंटिंगचं रबर मधून चिरून दोन ओठांसारखं उघडलं होतं. त्याखाली ब्रॅकेटवर रुपयाच्या नाण्याएवढा एक डाग होता, आजूबाजूच्या गंजात एकदम आरशासारखा चकचकीत. लोखंडावर लोखंड घासून घासून झालेला. इंजिनाचा प्रत्येक ठोका तिथून थेट माझ्या सीटपर्यंत येत होता.

आणि क्लच बदलल्यावर थरथर का वाढली? क्लच काढायचा तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे माउंटिंग सोडावी लागतात. परत बसवताना इंजिन जॅकवर तिरकं लटकलेलं असताना बोल्ट आवळले, तर चांगलं रबरही पिळलेल्या अवस्थेत अडकतं. पिळलेल्या रबरात हादरा जिरत नाही. योग्य पद्धत अशी की सगळे बोल्ट आधी हलके लावायचे, इंजिन आपल्या जागी स्थिरावू द्यायचं, आणि मग कंपनीने दिलेल्या टॉर्कवर आवळायचे. तुमच्या गाडीत क्लच किंवा गिअरबॉक्सच्या कामानंतर थरथर सुरू झाली असेल तर पहिली शंका इथेच घ्या. पार्ट न बदलता, बोल्ट सैल करून पुन्हा आवळण्यात काम होऊ शकतं.

८. हादरा मंद असेल तर मिसिंग शोधा

सीएनजीच्या गाडीत फुकटची चाचणी आहे: बटण पेट्रोलवर टाका. थरथर गॅसवरच असेल आणि पेट्रोलवर जात असेल तर गॅसचा फिल्टर, गॅसचे इंजेक्टर आणि प्लग तपासा. गॅस पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे पेट्रोलवर निभावून नेणारा प्लग किंवा कॉइल गॅसवर मार खातो. दोन्हीवर सारखीच असेल तर इंधनाचा पिच्छा सोडा.

स्कॅनर लावला आणि पी०३०१ ते पी०३०४ पैकी कोड आला, तर शेवटचा आकडा म्हणजे मिस मारणारा सिलिंडर. पी०३०० आला तर एकाहून जास्त सिलिंडर मिस मारतायत किंवा नक्की कोणता ते कळत नाहीये. कोड सिलिंडर सांगतो, कारण सांगत नाही. ज्या गाडीत प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल आहे तिथे इंजिन बंद करून, चावी काढून, संशयित कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावा आणि कोड पुसून गाडी चालवा. कोडही कॉइलसोबत सरकला तर कॉइल खराब. तिथेच राहिला तर प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन, या क्रमाने जा. चालू इंजिनात कॉइलची वायर उपटून बघायची जुनी पद्धत करू नका, झटका जबर बसतो.

आणि कोड आला नाही म्हणून "सगळं ओके" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. रबर फाटल्याचा कोड नसतो.

डिझेलवाल्यांनी नोझलचं काम स्वतः करायचं नाही. इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या रेलमधला दाब हजार बारच्या वर असतो, पाइप सैल केला तर धार कातडीत घुसते. आपल्या शहरात मायको सर्कल ज्या कारखान्यामुळे ओळखलं जातं, तो सातपूरचा कारखाना, आता बॉश, डिझेलचे इंजेक्टर आणि नोझलच बनवतो. हे काम जाणणारी माणसं नाशकात आहेत. इंजेक्टर काढून बेंचवर तपासून द्या असं सांगा आणि प्रत्येक इंजेक्टरचा रिपोर्ट मागा.

९. पळताना येणारी थरथर

त्र्यंबक रोडला सातपूर सोडल्यावर किंवा विल्होळीच्या पुढे, सकाळी लवकर, वेगमर्यादेत राहून ज्या वेगाला थरथर येते तो वेग धरा. मागे-पुढे रस्ता मोकळा असताना क्लच दाबून आरपीएम खाली येऊ द्या. चावी मात्र चुकूनही बंद करू नका, स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची ताकद जाते.

आरपीएम पडूनही थरथर तशीच राहिली तर इंजिनाचा संबंध नाही. चाकं, टायर, एक्सल. ताशी ८० किलोमीटरला लहान गाडीचं चाक सेकंदाला सुमारे १२ फेरे मारतं, फायफॉक्सवर शिखर तिथे दिसेल. पावसाळ्यात दिंडोरी किंवा निफाडकडच्या शेतरस्त्यावरून आला असाल तर बॅलन्सिंगच्या आधी रिमच्या आतली बाजू धुऊन घ्या. काळी माती तिथे थापून वाळते आणि एका बाजूला वजन होतं.

फक्त ब्रेक दाबल्यावर पेडल आणि स्टिअरिंग थरथरत असेल तर ब्रेक डिस्क. फक्त अॅक्सिलरेटर दाबून ओढताना येते, पाय काढला की जाते, तर एक्सलचा आतला जॉइंट किंवा पुन्हा फाउंडेशन. मोहदरी घाटात तिसऱ्या गिअरमध्ये चढताना झटके येत असतील आणि सपाटीला काहीच नसेल, तर भाराखाली मिस मारणारी कॉइल किंवा प्लग.

१०. गॅरेजमध्ये

वही आणि व्हिडिओ दाखवा. मेकॅनिकला शेजारी बसवून एक ट्रायल मारा, थरथर त्यांना जाणवली पाहिजे. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा ट्रायल घ्या. चार पार्ट एकदम बदलले तर कशाने बरं झालं ते कधीच कळत नाही. काढलेला जुना पार्ट परत मागा, आधी सांगून ठेवा. क्लच उतरवायचा सल्ला मिळाला तर विचारा, "फाउंडेशन हाफ क्लचला हलवून बघितलंत का?" बघितलं नसेल तर तुमच्यासमोर बघायला सांगा. चांगला कारागीर याने रागावत नाही.

फाउंडेशन घेताना कंपनीचं किंवा नावाजलेल्या मेकचंच घ्या. मी पैसे वाचवायला टॉर्क रॉड स्वस्तातला घेतला होता, त्याचं रबर इतकं कडक होतं की आयडलिंगला नवीच थरथर आली आणि तो महिनाभरात बदलावा लागला.

११. काम झाल्यावर

ज्या जागी, ज्या गरम इंजिनावर पहिली नोंद घेतली होती, तिथेच पुन्हा घ्या: एसी बंद, एसी चालू, क्लच वर, क्लच दाबून. फोन डॅशबोर्डवर त्याच ठिकाणी ठेवा. माझ्या गाडीचं २७ चं शिखर माउंटिंग बदलल्यावर आधीच्या चौथाईवर आलं. वहीच्या त्या पानावर किलोमीटरचा आकडा, तारीख आणि पार्टचा नंबर लिहिलाय, आणि वही गाडीच्या कागदांसोबत ग्लोव्ह बॉक्समध्ये असते. दर सर्व्हिसिंगनंतर, गॅरेजच्या दारातच, मी तीच चार मोजमापं पुन्हा घेते, म्हणजे काही सैल राहिलं असेल तर गाडी रस्त्यावर काढण्याआधी सांगता येतं.